देव पाण्यात, आम्ही कोरडे

हे जग माझ्याकडे तपासणीला आलं असतं तर मी ते पास केलं नसतं. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकवलं असेल याला गणती नाही. वागळे इस्टेटमधल्या एका बेअरिंगच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी तयार माल तपासला. केसाएवढी चीर दिसली की अख्खा लॉट परत. मग ज्या जगात पाळण्यातल्या पोरांना कॅन्सर होतो आणि हरामखोर माणसं नव्वदीपर्यंत ठणठणीत जगतात, तो लॉट कोणी पास केला, एवढाच माझा साधा प्रश्न होता.

हा प्रश्न मी रोज सकाळी सुधीरला विचारायचो. सुधीर ठाण्यातल्या आमच्याच कोपरीतला, बँकेतून निवृत्त झालेला, कपाळाला बारीकसं अष्टगंध, स्वभावाने गरीब. चालून झालं की बागेतल्या बाकावर बसायचं आणि मी देवाची उलटतपासणी सुरू करायची, असा आमचा शिरस्ता.

"देव सगळं बघतो म्हणतोस ना? मग करत का नाही काही? सुधीर, सगळं बघून गप्प बसणाऱ्याला आपण साक्षीदार नाही म्हणत. साथीदार म्हणतो."

सुधीर हसायचा. "विश्राम, तुला देव नकोच आहे. तुला त्याच्या साहेबाकडे तक्रार करायची आहे." मग तो चहा सांगायचा आणि देव तेवढ्या दिवसापुरता सुटायचा.

घरी मात्र मी हा विषय काढत नसे. माझी बायको मंदाकिनी रोज अंघोळ करून पूजेला बसते. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तिचे, लग्नात माहेराहून आलेले. गणपती आमच्या आईचा. मंदा घंटा वाजवायची तेव्हा मी पेपरचं पान जरा जोरात उलटायचो, एवढाच माझा निषेध. बेचाळीस वर्षांच्या संसारात तू देवाकडे काय मागतेस, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, मला माहीत आहे.

गेल्या मार्चमधला मंगळवार. केदार सकाळी पावणेसातला घरी आला. केदार आमचा एकुलता एक, अठ्ठावीस वर्षांचा, भिवंडीकडच्या एका मोठ्या गोदामात रात्रपाळीला सुपरवायझर. पाळी सुटली की बाळकुमवरून गाडीने घरी येतो. त्या दिवशी आला तो काही न खाता खोलीत जाऊन पडला. मी दूध आणायला खाली गेलो तर गाडीचा डावा दिवा फुटलेला, बंपर आत गेलेला. वर येऊन विचारलं तर आतूनच म्हणाला, "पार्किंगमध्ये खांबाला लागली, बाबा." मी चिडलो. एवढा मोठा खांब दिसत नाही म्हणजे काय, वगैरे बरंच बोललो.

दुपारी बघतो तर देव्हारा रिकामा. शेजारी पितळी पातेलं पाण्याने भरून ठेवलेलं आणि तिन्ही देव तळाशी. देव पाण्यात ठेवणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. घरावर संकट आलं की देवांना पाण्यात बसवायचं आणि ते टळलं की बाहेर काढायचं. माझ्या आईनेही एकदा ठेवले होते, मी मॅट्रिकला गणितात अडकलो होतो तेव्हा.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. माझं मी बघते," मंदा म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. मी तिथेच खोदून विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाकावर सुधीरने मोबाइल पुढे केला. बाळकुमची एकवीस वर्षांची मुलगी, जागृती नाव, मंगळवारी पहाटे सव्वासहाला स्कूटरवरून जाताना अज्ञात वाहनाने उडवली. वाहन पळून गेलं. मुलगी बेशुद्ध आहे.

"गावदेवीची ओटी भरून परत येत होती म्हणे," सुधीर हळूच म्हणाला. मग माझ्याकडे बघून कसनुसं हसला. "बोल आता. आज तुझा दिवस आहे."

खरंच होता. देवळातून निघालेली पोर, पिशवीत प्रसादाची फुलं, आणि पन्नास पावलांवर हे. चाळीस वर्षांत देवाविरुद्ध इतका धडधडीत पुरावा माझ्या हाती लागला नव्हता. पण मी मोबाइलवरची ती वेळच पुन्हा वाचत होतो. सव्वासहा. बाळकुम. फुटलेला दिवा डावीकडचा.

मी घरी गेलो नाही, सरळ पार्किंगमध्ये गेलो. कोणी बघत नाही याची खात्री केली आणि वाकलो. बंपरच्या फटीत झेंडूची एक पाकळी अडकली होती. चौतीस वर्षं चिरा शोधणारा माणूस मी, मला ती लगेच दिसली. मी ती नखाने काढली आणि गटारात टाकली. मग माळ्यावर चार वर्षं पडून असलेलं गाडीचं कव्हर काढलं, झटकलं आणि गाडीवर नीट चढवलं. दोऱ्यासुद्धा बांधल्या. हे सगळं मी केलं. कोणी सांगितलं नव्हतं.

वर आलो तर मंदा पातेल्यासमोर हात जोडून बसली होती. माझ्या लक्षात आलं, हिला माहीत आहे. पोराने आईला सांगितलं असणार. आणि आता ही देवाला पाण्यात बुडवून काय मागतेय हे उघडच होतं. पोलिसांचं लक्ष जाऊ नये, माझा केदार सुटू दे. मला तिची कीव आली आणि तिच्या देवाचा संतापही आला. कोणाच्या का पोराला उडवा, चार माळा वाहिल्या की हा आपला तुमच्या बाजूने. आपण स्वतः नुकतंच काय करून आलो, हे त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही.

केदारने आजारपणाची रजा टाकली होती. जेवायला बसायचा, आमटीभात कालवायचा आणि तसाच उठायचा. मी मुकाट्याने टीव्ही बघायचो.

रविवारी मला राहवलं नाही. भाजी आणायला जातो म्हणून निघालो आणि रिक्षा करून ती मुलगी जिथे होती त्या हॉस्पिटलमध्ये गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर एक म्हातारी बसली होती, माझ्याच वयाची, हिरवं लुगडं, हातभर बांगड्या. मी शेजारी टेकलो. थोड्या वेळाने तिने पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि न विचारता माझ्यापुढे धरला.

"घ्या. सकालपासून बसलाव आसाल. तुमचा कोन हाय आतमन?"

"मुलगा," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय जाला त्याला?"

"कळत नाही अजून."

"बरा व्हयल. नाव काय त्याचा? मी नातीसाठी गावदेवीला मांगतंय, त्याच्यासाठी पन मांगतंय."

"केदार," मी म्हणालो. ती सखुबाई होती, जागृतीची आजी. तिने डोळे मिटून ते नाव दोनदा पुटपुटलं.

मी खरं तर उठून पळायला हवं होतं. पण जित्याची खोड. मी विचारलं, "एवढं झाल्यावरही देवीवर विश्वास आहे तुमचा? बातमीत वाचलं, तिच्याच देवळातून येत होती ना पोरगी?"

"मीच धारली तिला, तू जा बोलली," सखुबाई म्हणाली. "मंगलवारची ओटी. माझं गुडघं चालत नाय म्हनून. दोन दिस मी देवीला लय शिव्या दिल्या. तिला बोलली, तुझ्याच दारान आयलेली पोर तुना सांभालता नाय आली? मंग इचार केला, गारी देवी चालवत व्हती क? गारी मानसाची, पलला पन मानूस. आनि मी शिव्या देतंय देवीला. त्यो मानूस आता खय तरी बसून च्या पित आसल आनि बोलत आसल, देवाची मर्जी."

झाकणातला चहा माझ्या हातात होता. मी तो पूर्ण प्यालो. ओतून कुठे देणार?

"तिला इथे आणली कोणी?" मी विचारलं.

"टँकरवाल्यानी. दिवा गावाला पानी घेऊन चाललेला. येवऱ्या गाऱ्या गेल्या बाजूनी, त्यो एकला थांबला. माझ्या पोरीला उचलून टँकरान घातली, आनि सगला पानी घेऊन तसाच हितं आयला." सखुबाईने पदराने डोळे पुसले. "त्याचा नाव पन इचाराचा रेला."

त्याचं नाव राघो. ते मला दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी बाकावर कळलं.

"सापडला!" सुधीर लांबूनच ओरडला. "टँकरवाला निघाला. राघो नावाचा. दुकानाच्या कॅमेऱ्यात टँकर तिथे थांबलेला दिसतोय, केबिनमध्ये रक्ताचे डाग. यानेच उडवली आणि घाबरून यानेच हॉस्पिटलात नेऊन टाकली. गावातल्या पोरांनी काल दिवा गावात जाऊन धरला, चांगला चोपला, हात मोडला आणि दिला पोलिसांच्या ताब्यात." मग त्याने आभाळाकडे बोट केलं. त्याचा चेहरा अगदी उजळला होता. "तू म्हणतोस ना, तो बघतो आणि करत काही नाही? हे बघ. आठव्या दिवशी न्याय."

सुधीरसारख्या भल्या माणसाने देवाचा पुरावा म्हणून जे पुढे केलं होतं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे साऱ्या ठाण्यात आमच्या घराबाहेर राघो सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. जो थांबला, त्याचाच हात मोडला होता. मी उठलो आणि चहा न घेता घरी आलो.

मंदा पातेल्यातलं पाणी बदलत होती. माझा तोल गेला.

"काढ ते देव बाहेर! त्यांना तरी कशाला भिजवतेस आपल्या पापात? तिकडे एका निरपराध माणसाचा हात मोडलाय आणि तू इथे केदार सुटावा म्हणून..."

"काय म्हणालात?" ती खालीच बसली. "तुम्हाला माहीत आहे?"

"सगळं माहीत आहे."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

रडेल असं वाटलं, पण रडली नाही. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी... म्हणजे तूसुद्धा..."

"मी केदार सुटावा म्हणून नाही ठेवले देव," मंदा म्हणाली. "ती मुलगी जगू दे, हे एक मागितलं. आणि केदारला स्वतःच्या पायाने पोलिसांकडे जायची बुद्धी दे, हे दुसरं. त्याने मला मंगळवारी आल्या आल्याच सांगितलं. मी म्हटलं, आत्ता जा. तो म्हणाला, आई, उद्या जातो. रोज म्हणतो, उद्या. तुम्हाला सांगायची मला भीती वाटत होती, आणि तुम्हाला कळावं असंही वाटत होतं. वाटायचं, ह्यांना कळलं की ते क्षणभर थांबणार नाहीत. केसाएवढी चीर खपवून न घेणारा माणूस आहे माझ्या घरात."

मी शेजारच्या खुर्चीवर टेकलो.

"माझं चुकलंच," ती म्हणाली. "मी देवावर सोपवून बसले. पण तुम्ही? तुम्ही कोणावर सोपवलं होतं?"

बेचाळीस वर्षांत तिने मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. देव सगळं बघतो आणि काही करत नाही, असं मी चाळीस वर्षं म्हणत आलो. बुधवारपासून सगळं बघत होतो मी. काही करत नव्हतो मी. देवापाशी निदान नसण्याची सबब होती, मी तर त्याच घरात आमटीभात जेवत होतो. लाज वाटणं म्हणजे काय ते मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झालं.

मी केदारच्या खोलीत गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"ऊठ. कपडे घाल. पोलीस स्टेशनला जायचंय."

तो दचकून उठून बसला. "बाबा, मी उद्या..."

"आज. टँकरवाल्याला धरलंय त्यांनी. मारलाय त्याला."

तो पांढराफटक पडला. "माझी नोकरी जाईल, बाबा."

"जाईल."

"आणि जेल?"

"माहीत नाही. मीही येतोय. गाडीतली झेंडूची पाकळी मी काढून फेकली आणि वरून कव्हर घातलं. ते मला सांगायचंय."

"तुम्हाला माहीत होतं?" तो म्हणाला. अर्ध्या तासात हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला होता.

मग तो बांध फुटल्यासारखा रडला. लहानपणी पडला की रडायचा तसाच, नाक ओढत. "डोळा लागलेला, बाबा. एक सेकंद फक्त. आवाजाने जागा झालो. गाडी थांबवलेली मी, खरंच थांबवलेली. आरशात बघितलं. ती हलत होती. मग मी घाबरलो. वाटलं, कोणीतरी थांबेलच."

"थांबलं कोणीतरी," मी म्हटलं. "त्याचाच हात मोडलाय."

केदारने डोळे पुसले. उठला, तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला. दाराशी मंदा चप्पल घालून तयार होती. आम्ही तिघं गेलो.

पोलीस स्टेशनातल्या साहेबांनी पहिल्यांदा आम्हाला टँकरवाल्याचे नातेवाईक समजून बाहेर बसायला सांगितलं. केदार उभाच राहिला आणि म्हणाला, "साहेब, ती गाडी माझी होती. मी चालवत होतो." मग सगळी चक्रं फिरली. जबाब, गाडी, पंचनामा. माझाही जबाब झाला. साहेब लिहिता लिहिता थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "काका, तुम्ही शिकलेसवरलेले दिसता. इतके दिवस काय करत होतात?"

"बघत होतो," मी म्हणालो. त्यांनी ते लिहिलं की नाही, मला माहीत नाही.

केदारला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात जामीन मिळाला. खटला चालेल, शिक्षा व्हायची ती होईल; लायसन जमा झालं, नोकरी गेली. राघोला त्याच दिवशी सोडलं. शुक्रवारी सकाळी जागृतीने डोळे उघडले. पोलिसांनीच फोन करून कळवलं. मंदाने देव पाण्यातून काढले, पदराने एकेक कोरडा केला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मी जवळ जाऊन उभा राहिलो. काही टोमणा सुचला नाही आणि सुचावा असंही वाटलं नाही.

सुधीरला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तो कितीतरी वेळ बाकाच्या फळीवर नखाने रेघा ओढत होता. मग म्हणाला, "त्याचा हात मोडला आणि मी त्याला न्याय म्हणालो रे." त्याला माझ्या वागण्यापेक्षा स्वतःच्या त्या वाक्याचं जास्त लागलं होतं. तो असाच आहे. त्या दिवशी देवाच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं आणि विरुद्ध बोलायलाही कोणी नव्हतं. आम्ही नुसता चहा घेतला. देवावरचा माझा आरोप मी मागे घेतलेला नाही, हे सांगून ठेवतो. पाळण्यातल्या पोरांचा कॅन्सर आहे तिथेच आहे आणि त्याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही. पण पाकळी गटारात टाकून जी दुष्टाई माझ्या हाताने झाली, ती त्याच्या खात्यावर घालायची आता माझी हिंमत नाही.

रविवारी आम्ही तिघं हॉस्पिटलमध्ये गेलो. जागृतीला साध्या वॉर्डात हलवलं होतं. पाय प्लास्टरमध्ये, डोक्याला पट्टी, पण डोळे टक्क उघडे. खाटेशेजारच्या स्टुलावर एक दणकट माणूस बसून भाकरी खात होता. त्याचा उजवा हात गळ्यात बांधला होता, म्हणून डाव्या हाताने. सखुबाई त्याच्या ताटलीत कालवण वाढत होती. मी ओळखलं, हा राघो. सखुबाईचा नवरा काळुराम याने ज्या पोरांनी मारलं होतं त्यांना कानाला धरून आणून आदल्याच दिवशी राघोच्या पायांवर घातलं होतं, हे मागाहून कळलं.

सखुबाईने मला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. "आयलाव? तुमचा पोरगा बरा जाला क?"

केदार पुढे झाला. "आजी, गाडी मी चालवत होतो."

ती हातात पळी तशीच धरून उभी राहिली. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"यो केदार?"

"हो," मी म्हणालो.

"याच्यासाठी मी आठ दिस देवीला मांगतंय?" तिचा आवाज चढला. पलीकडच्या खाटेवरचे लोक वळून बघायला लागले. मला वाटलं, आता ती त्याच्या थोबाडीत देईल. दिली असती तर मला बरंच वाटलं असतं. पण ती केदारला काहीच बोलली नाही. माझ्यासमोर आली. "त्यो पोर हाय. घाबरला, पलला. तुमी त माझा च्या पिलाव."

मी हात जोडले. त्याने काही होत नाही हे मला कळत होतं, पण दुसरं काय करणार? मंदा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. सखुबाई आधी तिच्याकडे वळली नाही. मग पळी खाली ठेवून म्हणाली, "मी पन गप रेली, बाई. टँकरवाल्यानी माझ्या पोरीला आनली ह्या मना म्हायती व्हता. गावची पोरा त्याला धराला निंघाली, तवा मी बोलली नाय. वाटला, आपन बायामानसानी काय बोलाचा." मंदाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिने राहू दिला.

"आजी, बस झालं," खाटेवरून आवाज आला. जागृतीचा आवाज बसलेला होता, पण धार शाबूत होती. तिने केदारला बोटाने जवळ बोलावलं. "ए. इकडे ये. थांबला का नाहीस?"

"घाबरलो," केदार म्हणाला. "दुसरं काही कारण नाही."

"मी हात वर केलेला. दिसला तुला?"

नाही म्हण, असं माझ्या मनात आलंही, खोटं कशाला बोलू.

"दिसला," केदार म्हणाला.

जागृतीने डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी आलं, ते तिने खांद्याला पुसलं. "नाही दिसला बोलला असतास ना, तर मी हा वॉर्ड डोक्यावर घेतला असता," ती म्हणाली. "कोर्टात सोडणार नाही मी तुला. पण खरं बोललास."

"सोडू नका," केदार म्हणाला.

राघो भाकरी खाली ठेवून अवघडून बसला होता, जणू काही यात आपलीच चूक असावी. मी त्याच्याकडे वळलो. त्याची माफी मागितली. तो "ऱ्हाऊ द्या हो काका, ऱ्हाऊ द्या" म्हणत राहिला. पण मला ज्याने पाच दिवस झोपू दिलं नव्हतं ते विचारल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हतो.

"राघो, तुम्ही एकटे थांबलात. आणि तुमच्याच वाट्याला हे आलं. मार काय, कोठडी काय. उद्या पुन्हा रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं, तर?"

"तर काय?"

"थांबाल?"

त्याने माझ्याकडे, मग सखुबाईकडे बघितलं. त्याला माझा प्रश्नच नीट कळला नव्हता. जरा विचार करून तो म्हणाला, "थांबायचं तर हायेच की. पण एवढा मोठा टँकर, भरलेला. लगीच थांबत नाय. बाजूला घ्यायला जागा बघावी लागती. तेवढाच काय तो उशीर."

जागृतीला हसू फुटलं आणि बरगड्या दुखल्या म्हणून तिने तोंड वाकडं केलं. केदारने आल्यापासून खाली घातलेली मान पहिल्यांदा वर केली.

"आणि जागा नसेल तर?" त्याने विचारलं.

"मंग मधीच लावायचा," राघो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला. "वाजवू देत हॉर्न मागच्यांना."